आडतीवर भरलेलं इंग्रजी

मागच्या उन्हाळ्यात बीडला एका प्रशिक्षणाला बसले होते. निवृत्ती तोंडावर आलीय, पण प्रशिक्षण काही सुटत नाही. माणूस सरणावर चढेपर्यंत शिकत राहावा असं सरकारला वाटत असावं. समोर जाकीट घातलेला एक तरुण पोरगा. भिंतीवर तो एकामागून एक इंग्रजी शिकायची संकेतस्थळं दाखवत होता. इथं गोष्टी ऐका, इथं संभाषणं ऐका, इथून चित्रं घ्या, इथं जगभरच्या शिक्षकांना अडचण विचारा. सगळं फुकट. अन् चांगलंच होतं सगळं, मी नाही म्हणत नाही. पण शेवटी तो हसत म्हणाला, "आता साधनं नव्हती ही सबब चालायची नाही. तुमच्या पिढीतल्या शिक्षकांना हे सुचलंच नाही, त्याचे परिणाम आपण बघतोय."

माझं टाळकंच सटकलं.

सुचलं नाही? अरे लेकरा, तू शेंबूड पुसायला शिकत होतास तेव्हा मी केजला तुरीच्या पोत्यांच्या मधी बसून हेच ऐकत होते. तिथल्या तिथं बोलणार होते, पण बाकीच्या बाया चहाला उठल्या अन् तो पोरगाही वायरी गुंडाळायला लागला. घरी आले ती भांडी आपटतच. नवऱ्यानं एकदा स्वयंपाकघरात डोकावून बघितलं अन् गुपचूप पेपर घेऊन ओट्यावर जाऊन बसला. त्याला माझा राग माहीत आहे. हा राग मात्र त्या पोरावरचा नव्हता. तो फार जुना आहे, अन् एका पोरीपायी आहे.

तेव्हा जग खुलं झालं, खुलं झालं, असं जो तो म्हणत होता. केजच्या स्टँडवर पिवळे एसटीडी बूथ झाले होते, पानटपऱ्यांवर चमचमत्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या. आमचं गाव नांदूरघाटच्या अलीकडं. तिथं जीप यायची, माणसं उतरवायची, माणसं कोंबायची अन् जायची. जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. शिक्षकांत बाई मी एकटी. अन् तेवढ्यात सरकारनं पहिलीपासून इंग्रजी आणलं.

आमचे गुरुजी लोक ते पुस्तक एकमेकांकडं सरकवायला लागले. एक जण तर मला म्हणाले, "बाई, तुमी शहरातल्या. इंग्रजी तुमीच घ्या." मी शहरातली म्हणजे काय, तर केजची! पण घेतलं. पहिलीपासून सातवीपर्यंत सगळ्या वर्गांचं इंग्रजी माझ्या गळ्यात पडलं. आता मला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. वाचता यायचं, व्याकरण तर तोंडपाठ. पण इंग्रजी बोलणारं माणूस मी जन्मात समोर बसून ऐकलं नव्हतं. मला ज्यांनी शिकवलं त्या सरांनीही ऐकलं नसणार. विहिरीच्या काठावर उभं राहून पोहायला शिकवायचं, अशी आमची गत. प्रशिक्षणात विचारलं तर म्हणाले, "वर्गात इंग्रजी वातावरण निर्माण करा." वातावरण काय, पिठाच्या गिरणीतून दळून आणायचं का?

केजच्या रस्त्याला एका पुढाऱ्याच्या संस्थेचं हायस्कूल होतं. तिथं कुठल्याशा निधीतून कॉम्प्युटर आल्याचं कानावर आलं, अन् त्याला टेलिफोनची तार जोडलीय, त्यातून साऱ्या जगाचं ऐकू येतं म्हणे. मी एक दिवस जीपमधून मधीच उतरले अन् मुख्याध्यापकांना जाऊन भेटले. त्यांना सगळा भाग मोठे सर म्हणायचा. माणूस गोड बोलायचा. चहा मागवला, माझ्या माहेरची चौकशी केली, मग मला कॉम्प्युटर दाखवायला नेलं. खोलीच्या बाहेर चपला काढायच्या, पायपुसण्यावर पाय घासायचे, मग आत. आत टेबलावर गुलाबी सॅटिनचं, झालर लावलेलं झाकण घालून ते यंत्र बसलं होतं. झाकण उचललं तर काचेवर हळदीकुंकवाची बोटं. खंडेनवमीला पूजा केली होती म्हणे. पूजेला माझी हरकत नाही, आम्हीही घरी पाट्यावरवंट्याला हळदकुंकू वाहतो. पण दुसऱ्या दिवशी त्याच पाट्यावर चटणी वाटतो ना!

"मुलं वापरतात का, सर?"

"दाखवतो ना. रांगेनं. दारातून."

मी म्हटलं, शनिवारी दुपारी घंटाभर मला बसू द्या. बाकी काही नको, इंग्रजी ऐकायचंय, अन् जमलं तर पोरांसाठी भरून न्यायचंय. तेव्हा मोठे सर गंभीर झाले. "मॅडम, राग मानू नका. बाहेरची माणसं आली की व्हायरस येतो." अन् त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. मला वाटलं, मजाक करतायत. नाही! त्या माणसाला खरंच वाटत होतं की व्हायरस म्हणजे पायाच्या धुळीतून येणारी रोगराई. पाय पुसून, अनवाणी उभी होते मी. झाकण पुन्हा घातलं, चारी बाजूंनी ओढून नीट केलं, कुलूप लावलं. चहा मात्र मला पूर्ण प्यायला लावला.

जीपमधून घरी येईपर्यंत मी स्वतःशीच बडबडत होते. शेजारची बाई सरकून बसली.

मग कळलं की केजमधीच आडत बाजारात एका आप्पांच्या दुकानामागं इंटरनेट चालू झालंय. आप्पा लिंगायत, कपाळावर विभूतीचे पट्टे, तूर-हरभऱ्याची जुनी आडत. त्यांच्या पोरानं हट्ट धरून मागच्या गोदामात पडदा लावला अन् आत एक कॉम्प्युटर ठेवला. पडद्याआड कॉलेजची कार्टी काय बघत होती ते साऱ्या केजला माहीत होतं. तिथं बाईमाणसानं पाय ठेवायचा म्हणजे संध्याकाळपर्यंत गावात डांगोरा. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. कशाची लाज वाटत होती मला? इंग्रजी शिकायची? ज्यांना वाटायला पाहिजे होती ती कार्टी खुशाल बाहेर येऊन शर्ट नीट करत होती.

तिसऱ्या वेळी आप्पांच्या बायकोनं मला हाक मारली. सगळे त्यांना अक्का म्हणायचे. गल्ल्याच्या बाजूला बसून त्या सुपात ज्वारी पाखडत होत्या. "काय गं माय, सारखी येतीस अन् जातीस. काय पायजे?" मी सांगितलं. अक्कांनी सूप खाली ठेवलं, उठल्या, पडदा सरकवला अन् आतल्या दोघांना म्हणाल्या, "उठा रे मुडद्यांनो. बाईला अभ्यास करायचाय." मग तो पडदा काढूनच टाकला. दारात पोतं अंथरून सूप घेऊन बसल्या. "बस तू. मी हाय हितं. बघते कोन आत येतंय ते."

बाहेर एकानं दुसऱ्याला विचारलं, "काय बघतीय बे ती?" अक्कांनी मान वर न करता सांगितलं, "इंग्रजी शिकतीय. तुला मराठी तरी नीट येतंय का?"

अशी माझी शाळा सुरू झाली. शनिवारी सकाळची शाळा असायची, दुपारी मी मोकळी. तार जोडताना ते यंत्र कुत्र्याचं पिल्लू चेंगरल्यासारखं ओरडायचं. एक छोटं संभाषण उतरायला दोन चहा लागायचे. अन् लातूरचा भाव विचारायला आप्पांनी रिसिव्हर उचलला, की तार तुटायची, पुन्हा पहिल्यापासून. पण काय काय होतं तिथं! कुठल्याशा देशातली एक बाई लहान लेकरांसाठी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायची. तुझं नाव काय, तू कुठं राहतेस, तुझ्या घरी कोण कोण असतं. मी पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. इतकी वर्षं पुस्तकातून बघितलेली भाषा जिवंत माणसाच्या तोंडून येत होती, अन् कळत होती! मला कळत होती!

एका ठिकाणी शिक्षक एकमेकांना अडचणी विचारायचे. मी एका बोटानं टाइप करून विचारलं की माझ्या वर्गात पोरं दाटीनं बसतात, फळा एक, लाइट असते-नसते, कॉम्प्युटर नाही, तर इंग्रजी ऐकवू कसं? पुढच्या शनिवारी उत्तर आलेलं. कुठल्या तरी बर्फाच्या गावातल्या बाईंचं. विचारलं होतं, तुमच्याकडं टेपरेकॉर्डर आहे का?

मी कपाळावर हात मारून घेतला. माझ्या लग्नात आलेला टेपरेकॉर्डर घरी कपाटावर पडून होता. श्रावणात तेवढा भजनाला खाली यायचा.

पुढच्या शनिवारी टेप घेऊन गेले, कॉम्प्युटरच्या स्पीकरला तोंड लावून ठेवला अन् दोन बटणं दाबली. पण आडतीवर दुपारी लिलाव होऊन मापं सुरू व्हायची. आपल्याकडं धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. बरकत यावी म्हणून. लाभ, मग दोन, मग तीन. आप्पांचा मापाडी दणकट आवाजाचा. काट्यावर पोतं चढलं की तो देवळात घंटा मारावी तसा ओरडायचा. मी आप्पांना विनवलं, घटकाभर त्यांना हळू बोलायला सांगा. आप्पांनी कानाच्या पाळ्या धरल्या. "बाई, दुसरं काय बी सांगा. माप मुकं करता येत न्हाई. लक्ष्मी हाय ती."

त्यांचंही बरोबर होतं. मग काय! कॅसेटवर असं भरलं गेलं, की ती परदेशी बाई विचारतेय, "व्हेअर डू यू लिव्ह?" अन् मागून दणका, "लाभऽऽ!" मग मुलाचा आवाज, "आय लिव्ह इन अ स्मॉल हाऊस." अन् "दोनऽऽ!" मधी कुठं एसटीचा भोंगा, कुठं अक्कांचं कुणाला तरी झापणं. मी तीन-चार शनिवार पुन्हा पुन्हा भरून बघितलं. लाभ काही चुकला नाही.

तशीच नेली शाळेत. लाइट नसायची म्हणून सेल घातले. सेल उतरले की पोरं ते पत्र्यावर उन्हात वाळत घालायची, पुन्हा दोन दिवस चालायचे. अन् पोरं जी लागली ऐकायला! कॅसेटमागून म्हणायचं, एवढंच सांगितलं होतं मी. पोरं सगळंच म्हणायला लागली. स्मॉल हाऊस म्हणून झालं की सगळा वर्ग छपराला भिडेल असा ओरडायचा, "दोनऽऽ!" मी आधी हसले, मग दटावलं, मग सोडून दिलं. इंग्रजी तर येत होतं ना.

त्यात सातवीत ती पोरगी होती. काळीसावळी, केस तेलावाचून भुरे, आवाज खणखणीत. तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे. दसरा-दिवाळीला गाव सोडायचं ते उन्हाळ्यात परत. ती म्हातारीजवळ मागं राहायची म्हणून तिची शाळा टिकली होती. कॅसेट एकदा ऐकली की तिच्या जिभेवर बसायची, अन् नुसती पाठ नाही. मी उलटंपालटं विचारलं तरी ती आपलं नवं वाक्य जुळवून द्यायची. शेळ्यांना हाकताना इंग्रजी बोलायची. मी एकदा तिला म्हटलं, "अगं, तेवढं लाभ-दोन सोड की." तर म्हणाली, "बाई, ते आलं की मला दम खायला सापडतं. मग म्होरचं आठवतं."

त्या उन्हाळ्यात म्हातारी गेली.

आईबाप कारखान्यावरून आले ते दिवसकार्यालाच. नंतर बाप शाळेत आला, दारातच उभा राहिला. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाला, "बाई, आता पोरीला कुनापाशी ठिवू? फडावर कोपीत नेली तर तिथं रानात, पाचटाच्या झोपडीत, वयात आलेली लेक राखायची कशी? जागा आलीय एक. पोरगं तोडीलाच जातंय. आषाढ लागायच्या आत उरकून टाकतो." आमच्याकडं नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादमाला जोडी लागते, एकट्याला तो विचारत नाही. म्हणजे ही सातवी झालेली पोरगी कुणाच्या तरी कोयत्याची दुसरी बाजू होणार होती. चौदावं नुकतं लागलं होतं तिला.

मी म्हटलं, राहायची सोय झाली तर शिकवाल?

"कावून न्हाई शिकवनार? मला काय हौस हाय का?"

अन् सोय होती. त्याच हायस्कुलाला त्या वर्षी मुलींचं वसतिगृह निघालं होतं. राहणं, जेवण, आठवीपासून सेमी-इंग्रजी, सगळं संस्थेकडून. जागा थोड्या, म्हणून तोंडी परीक्षा. मुलीला थोडंफार इंग्रजी बोलता आलं पाहिजे, अशी अट. माझ्या तर आनंदाला पारावार राहिला नाही. ह्या अख्ख्या भागात हिच्यासारखं इंग्रजी बोलणारी पोरगी दाखवा म्हटलं मला! बापानं सांगितलं, "घेतली तर लगीन मोडतो. माझी जबान हाय." नाही घेतली तर काय, हे त्याला सांगावं लागलं नाही.

जूनच्या सुरुवातीला आम्ही तिघी गेलो. ती, तिची आई अन् मी. तीच खोली. चपला बाहेर. गुलाबी झाकण घालून कॉम्प्युटर कोपऱ्यात तसाच. टेबलामागं मोठे सर, त्यांच्या दोन बाजूंना संस्थेची दोन माणसं. मोठ्या सरांनी इंग्रजीत विचारलं, तुझ्याबद्दल सांग. पोरगी सुरू झाली. काय बोलली हो ती! नाव, गाव, घर, शेळ्या, आईवडील उसाला जातात ते, म्हातारी वारली ते. म्हातारीचं तर कुठल्या कॅसेटवर नव्हतं, ते तिनं तिथंच जुळवलं. त्या बर्फाच्या मुलखात कुणी ऐकलं असतं तर मान डोलावली असती. इकडं मोठे सर मात्र कपाळाला आठ्या घालून दोनदा म्हणाले, "काय? काय? रिपीट." त्यांनाच कळत नव्हतं! ही त्यांच्या कानावर कधी न पडलेलं इंग्रजी बोलत होती.

दोनदा रिपीट म्हटल्यावर पोरगी बावरली. "माय मदर..." म्हणाली अन् थांबली. अन् मग सवयीनं, दम घ्यायला, खणखणीत आवाजात तिच्या तोंडून गेलं, "लाभऽऽ!"

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग संस्थेचा एक जण खो-खो हसायला लागला. मोठे सर हसले. दुसरा तर टेबलावर हात आपटत म्हणाला, "अरे, हे तर आडतीवरचं इंग्रजी!"

पोरीनं माझ्याकडं बघितलं नाही. ती त्यांनाच सांगायला लागली, "सर, ते इंग्रजी न्हाई. ते मापाडी मामाचं हाय. कॅसेटमधी मधी आलंय. मला कळतंय ते येगळं." किती नीट सांगितलं होतं! पण हसणाऱ्याला ऐकू येत नाही.

"पोपटपंची आहे, मॅडम," मोठे सर डोळे पुसत म्हणाले. "अर्थ कळत नाही, नुसतं पाठांतर. तुम्ही चांगली, शुद्ध साधनं वापरायला पाहिजे होती."

शुद्ध साधनं!

मी उठलेच. म्हटलं, "सर, शुद्ध साधन ते बघा कोपऱ्यात झबलं घालून बसलंय. मी ह्याच खोलीत अनवाणी उभी राहून घंटाभर मागितलं होतं. तुम्ही माझ्या पायाची धूळ बघितलीत. ह्या शांत खोलीत भरली असती कॅसेट तर कशाला आला असता मापाडी? तुम्हीच धाडलंत मला आडतीवर, अन् आता तुम्हीच हसता? हिला पाठांतर म्हणता? विचारा हिला दुसरं काहीही! विचारा ना! का तुम्हालाच विचारता येत नाही?"

माझा आवाज वऱ्हांड्यात गेला असणार, कारण बाहेरच्या मुली दारातून डोकवायला लागल्या. मोठे सर अजिबात चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. यादी लावू." अन् शिपायाला सांगितलं, मॅडमना पाणी द्या.

पोरीच्या आईनं तेवढ्यात पुढं होऊन वाकून तिघांच्या पाया पडायला घेतलं. मी तिचा दंड धरून तिला उठवलं. अजूनही ते आठवलं की माझ्या हाताची मूठ वळते.

यादी लागली. नाव नव्हतं. ज्यांची होती त्यांतल्या दोघी संस्थेतल्याच माणसांच्या पोरी, केजला बंगले असलेल्या. त्यांना राहायची कसली अडचण होती देव जाणे. मी बीडला जाऊन वरच्या साहेबांना भेटले. ते म्हणाले, खाजगी संस्था आहे, आम्ही काय करणार. मी पोरीच्या बापाला म्हटलं, माझ्या घरी ठेवा, मी सांभाळते. नवऱ्याला न विचारताच म्हटलं. बाप म्हणाला, "बाई, तुमचे उपकार हायेत. पर लोक काय म्हनतील? वसतिगृह असतं तर गोष्ट येगळी. संस्थेचा कागद असतो त्याला." मी लग्नाच्या वयाचा कायदा सांगितला, पोलिसांचा धाक घातला. त्यानं टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "पाटील, सरपंच, सगळे येनार हायेत लग्नाला. कोन करतंय तक्रार?" कोण करणार म्हणता, तर तक्रार मीच करून बघितली. ठाण्यात एकानं मला बसायला खुर्ची दिली अन् म्हणाला, "मॅडम, उद्या तुम्हाला त्याच गावात शिकवायचंय."

लग्नाला जाणार नव्हतेच मी. पण आदल्या दिवशी तिनं धाकट्या बहिणीकडून निरोप धाडला, बाई, तुमी या. गेले.

शाळेच्याच पटांगणात मांडव. आमच्याकडं लग्न लागायच्या आधी आलेल्या मोठ्या माणसांना फेटे बांधतात अन् माइकवरून त्यांचे आशीर्वाद होतात. वऱ्हाडी उन्हात ताटकळतात, पण आशीर्वाद चुकत नाहीत. पाटलांचा झाला, सरपंचाचा झाला. अन् मग माइकवाला म्हणाला, आता आपल्या भागाचं भूषण, मोठे सर.

मी चमकून बघितलं. गुलाबी फेटा बांधून ते उभे राहिले. त्यांना दर लग्नाला बोलावणं असायचं; ही कोण पोरगी हे त्यांना आधी माहीत होतं का, कोण जाणे. पण शेजारून कुणी तरी त्यांच्या कानात सांगितलं, अन् त्यांचा चेहरा खुलला. माइक जवळ ओढून म्हणाले, "वधू अत्यंत हुशार आहे. मी स्वतः तिची परीक्षा घेतलेली आहे. सांगायला अभिमान वाटतो, ही आपली ग्रामीण भागातली मुलगी उत्तम इंग्रजी बोलते!"

टाळ्या! साऱ्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. नवऱ्याकडच्या बायांनी कौतुकानं माना डोलावल्या.

मी उभी राहिले. तोंड उघडलं होतं मी, सगळं बोलणार होते, त्या माणसाचा फेटा तिथंच उतरवणार होते. पण "आता मंगलाष्टका" म्हणून भटजींनी हात वर केला, ताशेवाल्यांनी तडतडाट सुरू केला, अन् माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. लोक अक्षता टाकत होते. माझ्या हातातल्या अक्षता घामानं हाताला चिकटल्या.

लग्न लागल्यावर मी तिच्याजवळ गेले. मुंडावळ्या, हळद, मोठ्या बाईचा शालू खांद्यावरून घसरत होता. तिनं वाकून माझ्या पायाला हात लावला, मग उठताना माझा हात धरून ठेवला. रडत नव्हती. शाळेत एखादी शंका आली की डोळे बारीक करून बघायची, तशी माझ्याकडं बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "मोठे सर आता म्हनले ना, मला इंग्रजी येतं म्हनून. साऱ्यांपुढं म्हनले. मग मला घेतलं कावून न्हाई?"